पान एकसष्ट

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईसमोर नाही, बहिणीसमोर नाही. दर शुक्रवारी आम्ही मराठी बौद्ध मंडळी कुणाच्या तरी फ्लॅटवर वंदनेला जमतो — तिथे तर नाहीच. तिथे मी सगळ्यांबरोबर पंचशील म्हणते. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही असं म्हणायचं असतं ते, की माझा आवाज आपोआप खाली जातो. शेजारच्या काकूंना वाटतं, पोरीला पाली नीट येत नाही, इंग्लिश मीडियमची ना. मी वाटू देते.

तुला का सांगतेय? माहीत नाही. पण सुरुवात तरी नीट करते.

मी मस्कतमध्ये एका इंजिनिअरिंग ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. नकाशे आणि कागद सांभाळायचे, कोणता जुना, कोणता नवा, याचा हिशेब ठेवायचा. आमच्याकडे एक कडक शिस्त आहे. नकाशातली एखादी भिंत काढून टाकली, तर ती नुसती पुसायची नाही. त्या जागेभोवती ढगासारखी रेघ काढायची आणि बाजूला लिहायचं — कुणी काढलं, कधी, कशासाठी. काढलेलं दिसलं पाहिजे. हे मी रोज दुसऱ्यांना बजावते.

योसिप सर आमच्याकडे सल्लागार होते. सत्तरी ओलांडलेले, क्रोएशियाचे. ऑफिसात सगळे त्यांना 'जोसिप सर' म्हणायचे. खरा उच्चार योसिप, हे मला वर्षभराने कळलं — आणि कळल्यावरही मी चारचौघांत जोसिपच म्हणत राहिले. इतरांना चुकीचं ठरवायला नको म्हणून. माझं हे असंच आहे. मला वाटायचं, हा स्वभाव आहे. याने कुणाचं काय बिघडतं?

त्यांचे डोळे अधू होत चालले होते. माणूस दिसायचा, अक्षर दिसायचं नाही. आणि त्यांना एक पुस्तक लिहायचं होतं. पहिल्या महायुद्धात क्रोएशिया वेगळा देश नव्हता, व्हिएन्नाच्या सम्राटाच्या राज्यात होता. सम्राटाच्या फौजेत क्रोएशियन लोकांची एक पायदळ डिव्हिजन होती. सरांचे आजोबा तिच्यात साधे शिपाई. ती डिव्हिजन आधी द्रिना नदी ओलांडून सर्बियात गेली, मग कार्पेथियन डोंगरांतल्या बर्फात, मग इटलीच्या सरहद्दीवर. ज्याच्यासाठी लढली तो सम्राट शेवटी उरलाच नाही. आजोबांनी पेन्सिलीने लिहिलेली एक छोटी वही सरांकडे होती. दृष्टी होती तेव्हा इतक्यांदा वाचलेली, की जवळजवळ पाठ. ते इंग्रजीत सांगायचे, मी टाइप करायची. दर शनिवारी सकाळी, वादी अदाईत, त्यांच्या घरी. आमचं घर दोन गल्ल्या सोडून. आई पोह्यांचा डबा द्यायची आणि म्हणायची, "तुझे पणजोबापण पलटणीत होते. सांग की त्यांना."

मी कधी सांगितलं नाही.

डिक्टेशनच्या आधी द्रागान कॉफीला यायचे. ते सर्बियाचे, रुस्ताककडच्या डोंगरांत दगड तपासायचं काम करायचे. दर शनिवारी तिथून गाडी चालवत यायचे, फक्त भांडायला. दोघांची भाषा जवळजवळ एकच, पण माझ्यासमोर इंग्रजीत भांडायचे — मला मजा यावी म्हणून असेल.

"तुझ्या सम्राटासारखीच कॉफी, पातळ," द्रागान म्हणायचे.

"तुझ्या राजाने तर कपही दिला नसता. पी गुपचूप. यल्ला, आटप."

मग दोघं माझा पोह्यांचा डबा संपवायचे, आणि शेवटचा शेंगदाणा कुणाचा यावरून परत भांडायचे. मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेली असायची. हसायची, पण आवाज न करता.

एका शनिवारी द्रागान सहज म्हणाले की त्यांची आजी अमुक गावची. योसिप सरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "ते गाव माझ्या आजोबांच्या वहीत आहे. पण हे कॉफी पिता पिता सांगण्यासारखं नाही. मी लिहीन. तू वाच."

द्रागान हसले नाहीत. "लिहिलंस तर वाचेन. नाही लिहिलंस तर विचारणार नाही."

एवढंच. नंतर परत कॉफीवर घसरले.

ते पान सरांनी मला पुढच्या महिन्यात सांगितलं. एकसष्टावं पान. प्लमच्या बागा, फळं पिकत आलेली. कुठून तरी गोळी आली होती, कोणी झाडली ते कळलं नव्हतं. मग हुकूम. गावातली माणसं एका कोठारापाशी आणली — आधी पुरुष, मग नुसते पुरुष नाहीत. आजोबा बंदूक घेऊन शिपायांच्या कड्यात उभे होते. त्यांनी लिहिलं होतं, मी गोळी झाडली. दुसऱ्यांनी झाडली असं लिहिलं नव्हतं. हुकूम होता, हे एकदाच लिहिलं होतं. आणि शेवटी, ते लोक आमच्याच भाषेत विनवत होते, मला प्रत्येक शब्द कळत होता.

मी टाइप करत गेले. खरं सांगू? त्या गावाचा विचार माझ्या मनात आधी आलाच नाही. आले ते पणजोबा. इंग्रजांच्या फौजेत होते, इराकपर्यंत गेले होते. आमच्या माणसांना पलटणीत घेतलं, हाच केवढा मान. घरी त्यांचं पदक फ्रेममध्ये आहे, बाबासाहेबांच्या फोटोखाली. इराकात ते नेमके काय करत होते? कुणी विचारलेलं नाही. मला विचारायचंही नव्हतं. त्या पानाने मला विचारायला लावलं, म्हणून मला ते पान आवडलं नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा मनात जे होतं ते सांगतेय.

पुस्तक पूर्ण होत आलं तेव्हा सरांची मुलगी इवाना झाग्रेबहून पंधरा दिवसांसाठी आली. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, चल, जरा चालून येऊ. इमारतीखाली दोन फेऱ्या झाल्या. मग म्हणाली की तिच्या मुलाला सरांच्या त्याच आजोबांचं नाव दिलंय. शाळेतली पोरं काय म्हणतील? लोक काय म्हणतील? "ते एक पान काढ. पपांना कळणारही नाही, त्यांना दिसत कुठे?"

तिने धमकी दिली नाही. आमिष दाखवलं नाही. ती साधी घाबरलेली आई होती. 'सरांना विचारते' एवढंच मी म्हणायला हवं होतं — तीन शब्दसुद्धा नाहीत. मी म्हटलं, "ओके."

घरी येऊन काढलं. एक सेकंद लागला. पुढच्या पानांचे आकडे कॉम्प्युटरने आपोआप बदलले, बासष्टचं एकसष्ट झालं. ढगासारखी रेघ नाही, नाव नाही, तारीख नाही.

पण हेही ते नव्हे. हे मी कदाचित आधीही कुणाला सांगू शकले असते.

छापायला देण्याआधी सरांना सगळं पुस्तक ऐकायचं होतं. चार शनिवार लागले. ती जागा येणार हे मला माहीत होतं. मी काय केलं असेल? जुन्या पानाची प्रिंट काढून आणली, गठ्ठ्यात मधे घातली, आणि वाचली. जणू ते तिथेच आहे. सर डोळे मिटून ऐकत होते, हात टेबलावर पालथा. मधे म्हणाले, "सावकाश." मी सावकाश वाचलं. माझं वाचन चांगलं आहे, शाळेत बक्षिसं मिळाली आहेत. पान संपलं तेव्हा ते म्हणाले, "असंच आहे ना छापायच्या फाइलमध्ये? एकही शब्द मऊ केला नाहीस ना?"

"नाही सर. असंच आहे."

त्यांनी हात पुढे करून तो कागद चाचपला. डोक्यावरून हात फिरवावा तसा. "खलास," म्हणाले. "आता मी मोकळा."

रुवीच्या प्रेसमध्ये पन्नास प्रती छापल्या. पहिली प्रत द्रागानना. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कॉफी न पिताच गेले. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

सर दोन कप काढून ठेवायचे. मी म्हटलं, फोन लावून देऊ का? ते म्हणाले, "नको. वाचलंय त्याने. आपण लिहायचं आणि वर माफ कर म्हणून फोनही करायचा? ती बळजबरी झाली. न येणं हा त्याचा हक्क आहे."

समजतंय ना तुला? सरांना वाटत होतं, द्रागानना ते पान सहन झालं नाही. आणि द्रागानना ते पान मिळालंच नव्हतं. त्यांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं असेल, आजीचं गाव शोधत. एकाने फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, दुसऱ्याने विचारायचं नाही असं. दोघं शब्दाचे पक्के. मधे मी होते. आणि सगळं फक्त मला माहीत होतं.

तीन महिने मी दर शनिवारी तिथे जात होते. पत्रं वाचून दाखवायची, औषधांच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावायची. दुसरा कप दरवेळी टेबलावर. किती वेळा तोंड उघडलं असेल मी? आणि दरवेळी विचारलं काय — साखर घालू का सर?

नंतर त्यांनी काम सोडलं. ऑफिसात केक कापला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या पुस्तकात लढायांची पानं खूप आहेत. ती कुणीही लिहिली असती. कामाचं पान एकच, आणि ते तू नीट उतरवलंस." मी हसले. फोटोतही मी हसतेय.

त्याच हिवाळ्यात ते गेले. इवानाचा मेल आला, दोन ओळींचा. शेवटी, तू केलंस त्याबद्दल आभार.

आता जे सांगायचंय ते.

गेल्या वर्षी अल मवालेहच्या भाजी मार्केटमध्ये द्रागान भेटले. मी टोमॅटो निवडत होते. केस पांढरे झाले होते त्यांचे. त्यांनीच ओळखलं, आईची चौकशी केली. योसिप गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी पेटीतला एक टोमॅटो उचलून परत ठेवला. मग म्हणाले, "चांगला माणूस होता. पण ऐन वेळी भ्याला. मला वाटलं होतं, तो लिहील."

ते प्रश्न विचारत नव्हते. विचारणार नाही म्हणाले होते, विचारलं नाहीच. पण बघत माझ्याकडेच होते. समोर माणूस उभा, घाई कुणालाच नाही, सर हयात नाहीत, इवाना हजारो मैलांवर. अडवणारं कुणीही नव्हतं. कुणीही.

मी म्हटलं, "हो."

मान हलवली असती तरी वेगळं झालं असतं का? नाही. पण मी शब्द उच्चारला. "हो. भ्याले ते." मी तेवढंही बोलले.

द्रागाननी मान डोलवली, गाडीकडे गेले.

योसिप सर भ्याले नव्हते. त्यांनी ते पान लिहिलं होतं, एकही शब्द मऊ न करता. ते मी काढलं. हे मी मराठीत लिहितेय. द्रागानना मराठी वाचता येत नाही.