मलावीच्या मिशन हॉस्पिटलात, खुरपणीच्या दिवसांत

जानेवारीत, म्हणजे न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात, आमचं हॅमिल्टन निम्मं रिकामं होतं. माणसं टॉग्ज (पोहायचे कपडे), जँडल्स (रबरी चपला) आणि तंबू गाडीत कोंबून समुद्राकडे पळतात, आमच्या क्लिनिकमध्येही गर्दी नसते. त्यामुळे रजा मिळणं सोपं होतं, घरी सांगणं अवघड. मलावीतल्या एका मिशन हॉस्पिटलला महिना-दीड महिन्यासाठी डॉक्टर हवा होता आणि मी हो म्हणून बसले होते.

"लोक रजा काढून ड्यूटी विसरतात," माझा नवरा सुनील म्हणाला. "तू रजा काढून ड्यूटीवर चाललीस."

तेरा वर्षांच्या ईराने काटा खाली ठेवला. "आई, बट व्हाय यू?"

मदत करायची होती, हे मी सांगितलं. रोज सर्दी, ब्लडप्रेशर आणि ऑफिसला द्यायची सर्टिफिकेटं उरकता उरकता डॉक्टर म्हणून आपण गंजलोय का, हेही बघायचं होतं. ते सांगितलं नाही.

ऑकलंड, सिडनी, जोहान्सबर्ग, लिलाँग्वे असा प्रवास आहे. जाऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरांनी तिथल्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी काही महिने आधीच सुरू करावी, कागद सावकाश हलतात. तिकीट आपलं आपण काढायचं; राहणं आणि जेवण हॉस्पिटलकडे. डॉलर नेताना कोऱ्या नोटा न्या, दुमडलेली नोट दुकानदार दोन बोटांत धरून परत करतो. मलेरियाच्या गोळ्यांनी माझी त्वचा उन्हात भाजत होती, तेव्हा रुंद कडांची टोपी हवीच.

राजधानी लिलाँग्वेहून दक्षिणेचा डांबरी रस्ता छान आहे. दोन्ही बाजूंना हिरवागार मका आणि रस्त्याकडेला ताटाएवढी रानअळंबी उंच धरून उभी असलेली मुलं. मग पिकअप लाल मातीच्या रस्त्याला लागली आणि पहिल्याच ओढ्याशी रुतली. ड्रायव्हर जोसेफ उतरला, चिखलाकडे पाहून म्हणाला, "डॉक्टर, तुमच्याकडे यावर काही औषध?" आम्ही दोघांनी ढकललं. पोचले तेव्हा माझा एकही कपडा मूळ रंगाचा नव्हता.

रात्रीच्या जेवणात न्सिमा होती. मक्याच्या पिठाची पांढरी, घट्ट उकड म्हणा. हाताने तोडायची, शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेल्या पाल्याबरोबर खायची. मी बोटं वापरून सफाईने जेवते आहे हे पाहून सिस्टर ग्रेस खूश झाली. "गेल्या वर्षीचा डॉक्टर काटा मागायचा," ती म्हणाली. ग्रेस मुलांच्या वॉर्डची प्रमुख. पुढे सगळं भाषांतर तिच्याच तोंडून झालं.

इथे पेशंटबरोबर 'गार्डियन' येतो. हॉस्पिटल जेवण देत नाही; स्वयंपाक, धुणं, अंघोळ घालणं सगळं गार्डियनचं. त्यांच्यासाठी मागे एक मोठी शेड आहे. तिथे दिवसभर चुली धुमसतात. मिरजेला शिकत असताना वॉर्डाबाहेर स्टोव्ह पेटवून बसलेले नातेवाईक पाहिले होते. त्यामुळे हे आपल्याला कळतं, असं मला वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात तमांडा आली. वय ईराएवढंच, वजन तिच्या निम्मं. बेशुद्ध, श्वास खोल आणि गोडसर वासाचा. आधीच्या दवाखान्यात मलेरिया समजून उपचार झाले होते. तो डायबेटिस होता, लहान वयात होणारा, इन्सुलिनवाचून न जगता येणारा. सलाइन आणि इन्सुलिनवर ती शुद्धीवर आली आणि तिने पहिल्यांदा आंबा मागितला. सगळा वॉर्ड हसला.

खरा प्रश्न तिथून सुरू झाला. गावात वीज नाही. इन्सुलिनचा साठा आमच्या फ्रिजमध्ये राहील, चालू बाटली घरी मडक्यात, ओल्या वाळूत सावलीला ठेवता येईल. पण रोज दोनदा सुई टोचणार कोण? ते जमलं नाही, तर ही मुलगी फार दिवसांची नाही.

तिच्याजवळ बसणाऱ्या बाईला मी शिकवायला घेतलं. न्यूझीलंडमध्ये शिकवतात तसंच: शांतपणे, एकांतात. आजूबाजूच्या बायका मान उंचावून बघू लागल्या तेव्हा मी पलंगाभोवती चादर बांधून घेतली. एकीला तर हातानेच बाहेर जायची खूण केली. बाई हुशार होती. थोड्याच दिवसांत तिचा हात बसला. मी समाधानाने निघायच्या तयारीला लागले.

तमांडाला घरी सोडायच्या आदल्या सकाळी पलंगाजवळ एक वेगळीच म्हातारी बसली होती.

"आई कुठे?" मी विचारलं.

"कोणाची?" ग्रेस म्हणाली. "ती मावशी होती. तिच्या शेतात खुरपणी आहे, ती गेली. आता आगोगो आल्यात, म्हणजे आजी. तमांडा त्यांच्याकडेच राहते. आई शहरात असते."

"मग मावशी घरी इंजेक्शन देणार नाही?"

"तिचं गाव वेगळं आहे, डॉक्टर."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

ग्रेसने सरळ माझ्याकडे पाहिलं. "गार्डियन बदलतोच. शेत थांबत नाही. आणि तुम्ही चादर लावली होती. आम्हाला वाटलं, काहीतरी खाजगी असेल."

आगोगोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सिरिंजवरच्या रेघा तिला दिसणं शक्य नव्हतं. माझं परतीचं विमान दोन दिवसांवर आलं होतं. सगळी शिकवणी मी त्या घरात न राहणाऱ्या माणसावर खर्च केली होती, आणि ज्यांनी शिकायला मान उंचावली त्यांना हाकललं होतं.

ग्रेसशी बोलून आम्ही वर्ग शेडमध्ये हलवला. चुलींच्या मधोमध, चादर नाही, काही नाही. शिकवायला उभी केली तमांडालाच. माझी शंका अशी की एवढ्या लहान मुलीवर हे टाकावं का. पण मावशीला शिकवताना तीच सगळ्यात जवळून बघत होती. योग्य रेघेवर मी चिकटपट्टी लावून दिली. तिने सिरिंज भरली, बुडबुडा टिचकीने काढला आणि टोमॅटोला टोचली.

"टोमॅटो बरा झाला का गं?" मागून कोणीतरी विचारलं. शेडभर हशा.

"त्याला रोज यावं लागेल," तमांडा म्हणाली.

मग तिने झगा जरा वर करून स्वतःच्या मांडीला टोचलं. कोणी हसलं नाही.

आगोगोला मी विचारलं, तुम्ही काय कराल? ती बराच वेळ बोलली. ग्रेसने थोडक्यात सांगितलं: "या दिवसांत कणग्या रिकाम्या होत आलेल्या असतात. सुई टोचली आणि न्सिमाच नसली तर साखर उतरून मुलगी पडेल, असं तुम्हीच म्हणालात. त्या म्हणतात, आधी ताट समोर, मग सुई. ताट मी बघीन." तिच्या गावची आणखी एक बाई शेडमध्ये होती, तिनेही सिरिंज हातात घेऊन पाहिली. मी निघाले तेव्हा दोघी-तिघींना जमत होतं, आगोगोला नाही. एवढ्यावर मुलीला घरी पाठवणं बरोबर होतं का, याचं उत्तर मी विमानात शोधत राहिले.

हॅमिल्टनला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात क्लिनिकमध्ये एका मुलाला इन्सुलिन टोचायला शिकवायचं होतं. मी सवयीने दार लावायला उठले, थांबले, आणि विचारलं, "घरी याच्याबरोबर कोण कोण असतं? सगळ्यांना बोलवाल का?" पुढच्या वेळी आजोबा, सावत्र वडील आणि शेजारीण, सगळे आले. खुर्च्या कमी पडल्या. मिशन हॉस्पिटलने माझ्यात नेमका एवढाच बदल केला आहे. तो तिथल्या लोकांच्या किती उपयोगाचा, हे मला सांगता येणार नाही.

मार्चअखेरीस माझ्या जागी गेलेल्या डनीडनच्या डॉक्टरचा ईमेल आला. तमांडा इन्सुलिन न्यायला आली होती. बरोबर तिसरीच कोणी बाई होती, शेजारीण असावी. बाटली उन्हात धरली म्हणून तमांडा तिला सगळ्यांसमोर झापत होती.

मी तो ईमेल जेवताना मोठ्याने वाचून दाखवला.

"सो शी इज ओके?" ईराने विचारलं.

"या महिन्यात आहे," मी म्हटलं.