‘वा, वहिनी!’ म्हणणारे प्राध्यापक

नामपूरहून मी रिकाम्या हातांनी आलो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जुनी यंत्रं घेऊन विकता विकता, केवळ तोंडाच्या जोरावर उभा राहिलो. त्यामुळे कुणी मला गप्प बसवलं की डोकं फिरतं. ऐंशीच्या आसपास शहरातल्या फिल्म सोसायटीत मात्र दर रविवारी सकाळी हेच व्हायचं.

तिथे फार जुने, काळेपांढरे फ्रेंच चित्रपट यायचे. मला ते मनापासून आवडत. आपल्याकडे नायक शेवटच्या रिळात सुधारतो. तिथे एकदा घसरला की घसरतच जायचा, आणि कुणी त्याची कीवही करत नसे. माणूस असाच असतो, हे मला बाजाराने आधीच दाखवलं होतं.

एका रविवारी छत्र्या विकणाऱ्या एका दुकानदाराची गोष्ट होती. समोर राहणाऱ्या बाईपायी तो दुकान, घर, अब्रू सगळं घालवतो. शेवटी ती स्वतःहून त्याच्या दारात येते, तर हा दारच उघडत नाही.

नंतर नेहमीप्रमाणे चर्चा झाली. मी म्हणालो, ‘बाईने नादी लावलं त्याला.’ सोसायटी चालवणारे प्राध्यापक नुसते हसले. तेवढ्यात शेजारून माझी बायको उठली. चारचौघांत ती कधी बोलली नव्हती.

‘त्याला ती नकोच होती,’ ती म्हणाली. ‘त्याला झुरायचं होतं. ती घरात आली असती तर ते संपलं असतं.’

‘वा, वहिनी!’ प्राध्यापक म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

स्कूटरवर मी पेटलो. ‘माझ्याशी कधी असं बोलली नाहीस. त्या मास्तरला बरं ऐकवलंस!’

‘तुम्हाला काय सांगायचं? मी काहीही म्हटलं की तुम्ही आधी भाव पाडता.’

‘त्याने वा म्हटलं म्हणून चढलीस.’

‘हो, चढले. तुम्ही म्हणून बघायचं होतं.’

पुढच्या रविवारी जायचं नाही, असं मी जाहीर केलं. ती आवरून दारात उभी. ‘बसने जाते मी.’ शेवटी मीच स्कूटर काढली.

त्या दिवशी पडद्याकडे माझं लक्षच नव्हतं. ती कुठे हसते, कुठे पदर तोंडाशी धरते, एवढंच पाहत होतो. चर्चेत ती पुन्हा बोलली, आणि प्राध्यापक पुन्हा पुढे वाकून ऐकत राहिले.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, ‘चांगलं बोललीस.’

तिने मला निरखून पाहिलं. ‘पण?’

‘पण काही नाही. चांगलं बोललीस.’

प्राध्यापक मागूनच येत होते, म्हणून आवाज जरा मोठा ठेवला.