ऑदेतने लावलेले अकरा वेल

फ्रान्समधल्या काँद्रियू गावाच्या त्या उभ्या चढावर सेलेस्तँने चाळीस वर्षं पाठीवरून माती वाहिली. पाऊस ती खाली रोन नदीकडे लोटायचा आणि हा पाटीत भरून पुन्हा बांधांवर न्यायचा. गावाचं नाव लागणारी वाइन फक्त व्हियोनिए द्राक्षाची. दुसऱ्या जातीचा एक मणीही त्यात चालत नाही. या नियमाचा सेलेस्तँइतका कडक राखणदार गावात दुसरा नव्हता. उत्पादक मंडळाच्या पाहणीत त्याने शेजारच्या रेजिसचे चाळीस वेल मार्सान जातीचे म्हणून पकडले आणि उपटायला लावले. तेव्हापासून रेजिस त्याच्याशी कामापुरतंच बोलायचा.

छप्पन सालच्या थंडीने सेलेस्तँच्या वरच्या बांधावरचे वेल मारले. पुढच्या वसंतात त्याची आजारी बायको ऑदेत काठी टेकत वर आली आणि तिने अकरा नवी कलमं आपल्या हातांनी लावली.

"मी नसले तरी पाणी घाल हं यांना. विसराळू कुठला!" ती म्हणाली. जूनमध्ये ती गेली.

सेलेस्तँने पाणी घातलं. पहिल्याच वर्षी पानं व्हियोनिएपेक्षा जरा खरबरीत दिसली होती, पण त्याने मान फिरवली. जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांकडे टक लावून बघणारा माणूस, स्वतःच्या वेलांपुढे आंधळा झाला. तिसऱ्या शरदात घड पिकले. त्याने मणी चावला. व्हियोनिएला येतो तो जर्दाळूचा वास कुठेच नव्हता. रोपवाटिकेने चुकीची जुडी दिली होती. ते मार्सान होते.

अकरा वेल. त्यांचे घड वाइनच्या हौदात मिसळले असते तर कुणाला कळलंही नसतं. त्याला रात्रंदिवस हेच सुचत होतं आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती. शेवटी एका सकाळी तो कुदळ घेऊन रेजिसच्या दारात उभा राहिला.

"ऑदेतचे वेल मार्सान निघाले. माझा हात चालत नाही. तू उपट."

"माझ्या वेळी बरा चालला होता तुझा हात," रेजिस म्हणाला. मग कुदळ घेतली.

सेलेस्तँ खालच्या बांधावर पाठ करून बसला. कुदळीचे घाव मोजत राहिला. रेजिस घाम पुसत खाली आला.

"झाले. दहा होते."

"अकरा होते."

"मला दहाच दिसले," रेजिस म्हणाला. "शाळेपासून माझं गणित कच्चंच."

सेलेस्तँला रडू फुटलं. रेजिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या अकराव्या वेलाचा एकही मणी कधी हौदात गेला नाही. दरवर्षी काढणीच्या दिवशी सेलेस्तँ त्याचे घड सगळ्यांत आधी, वेगळ्या टोपलीत उतरवायचा. थोडे रेजिसच्या घरी द्यायचा आणि उरलेले ऑदेतच्या थडग्यावर ठेवून यायचा.