काळी दोनमधलं घर

आमचे मामा पेट्या सुरात लावायचे. पेटीतली पितळी पाती कानशीनं घासायची, वाजवून ऐकायची, पुन्हा घासायची; जन्म त्यात गेला. पुढे तो कान घराकडे वळला. मामांचं म्हणणं असं, की घरात कलकल होते ती सूर वेगळे म्हणून. सगळं एका सुरात आणलं की आवाज एकमेकांत मिसळतील आणि शांतता नांदेल. सूर ठरला काळी दोन, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी. मग दाराची बिजागरी घासली, किटलीची शिट्टी घासली. खुर्च्यांची करकर सुरात यावी म्हणून त्यांचे पाय इतके कापले, की जेवताना टेबल आमच्या हनुवटीला लागायचं. मामीसुद्धा काळी दोनमध्येच हाका मारायची, कटकट नको म्हणून.

आणि गंमत बघा, कलकल तसूभर कमी झाली नाही. दार दारासारखंच वाजे, किटली किटलीसारखी. मामांना पक्का संशय, कुणीतरी लबाडी करतंय.

अशात मामांच्या मुलीनं बँडमधला क्लॅरिनेटवाला पसंत केला. तो भेटायला आला आणि शिंकला. काळी तीन! मामा ताडकन उठले. या घरात दोन सूर नांदणार नाहीत, म्हणाले.

पोरगी हट्टाची. दोघांनी तपकीर आणली आणि बागेत बसून शिंकेचा रियाज केला. पुढच्या खेपेला पोरगा उंबऱ्यातच शिंकला. मामांनी पेटीवर ताडून पाहिलं. अचूक काळी दोन. तरी तोंड वाकडंच.

"सूर बरोबर आहे. पण तूच शिंकलास हे कळलं ना."

"कळणारच, काका," पोरगा म्हणाला. "सूर कधी एकटा येत नाही. त्याच्यामागे दुप्पट, तिप्पट, चौपट वेगानं थरथरणारी त्याची पिल्लं येतात. माझ्या क्लॅरिनेटमध्ये काही दंगा करतात, काही दडून बसतात. बासरीत बहुतेक झोपलेली. सूर तोच, गोतावळा निराळा."

मुलगी म्हणाली, "बाबा, पिल्लं सारखी केलीत तर आई आणि दार एकसारखीच वाजतील. चालेल?"

मामा विचारात पडले. मामीनं हातातली पळी खाली ठेवली, तेव्हा कुठे म्हणाले, "नाही चालणार."

लग्न झालं. जावई इमानानं सुरात शिंकत राहिला. मग नात झाली, आणि ती घरात आली तीच काळी तीनमध्ये रडत. आम्ही सगळे मामांकडे बघत होतो. त्यांनी तिला उचलून कानाशी धरलं, नीट ऐकलं, मामीच्या हातात दिलं आणि कानस शोधायला लागले.

"पोर बरोबर आहे," म्हणाले. "घरच सुरातून उतरलंय."