टेकडीचा पत्ता

काकांच्या बागेत वर्षातले आठ महिने नुसती माती असायची, आणि तीच ते कौतुकानं दाखवायचे. कारंजा तालुक्यात हायवेवर त्यांचा ढाबा. मागच्या अंगणात ट्रकचे जुने टायर ओळीनं मांडलेले, टायरांत भेगाळलेली माती. "पाह्य, कसे झोपून राह्यले," म्हणायचे. खाली आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, कंद. ही झाडावरची नव्हे, जमिनीत वाढणारी आमरी. पावसाळ्यात पान, मग पांढरा तुरा, आणि दिवाळीपर्यंत सगळं वाळून पुन्हा मातीत.

पान वाळलं की पाणी बंद, हा त्यांचा कायदा. एका नव्या वेटरनं दया येऊन वैशाखात टायर भिजवला आणि कंद सडले. काका एवढंच म्हणाले, "झोपलेल्या मानसाच्या तोंडात कोनी पानी ओतते का बाप्पा?" चुलीजवळून काकू ओरडल्या, "एवढी काळजी माही घेतली असती तं मी बी फुलली असती!"

एकदा एका पहाडी ड्रायव्हरनं त्याच्या गावची, बर्फाखाली झोपणारी आमरी डब्यात घालून आणून दिली. काकांनी तो डबा हिवाळाभर कोल्ड्रिंकच्या फ्रीजमध्ये ठेवला. गिऱ्हाईक विचारी, "लोनचं हाये का?" "पाहुना हाये. त्याले आपली थंडी पुरत नाई." होळीला दोन पानं आली, चैत्रात करपली. "त्याची चूक नाई. बोलावलं मी," काका म्हणाले, आणि पुन्हा बाहेरची आमरी लावली नाही.

त्यांचे सगळे कंद मूळचे ढाब्यापासून लांबच्या एका टेकडीच्या उतारावरचे. दरवर्षी टायरांतल्या शेंगांचं धुळीसारखं बी ते तिथं नेऊन उधळत. ते त्याच मातीत, तिथल्या बुरशीच्या आधारानंच रुजतं.

त्या टेकडीवर मुरूम खोदायला परवानगी मिळणार, असं कळलं. मी तेव्हा झाडं-टेकड्या वाचवायची पत्रकं छापत, वाटत फिरत होते. काका म्हणाले, "फोटो टाक पोरी, जागा नोको टाकू." मी ठणकावलं, "काका, लपवून काही वाचत नसतं." आणि सगळं छापलं: कुठल्या फाट्यावर उतरायचं, कुठल्या पळसापासून चढायचं. आर्वीच्या एसटी स्टँडवर गठ्ठेच्या गठ्ठे वाटले. बोंबाबोंब झाली, मुरमाची परवानगी थांबली. आम्ही पेढे वाटले.

महिन्याभरात उतार खणून निघाला. आमरीचा कंद ताकदीच्या औषधात जातो. तिथला गुराखी मला म्हणाला, "त्याइच्या हातात तुमचाच कागद होता, बाई."

खणणारा चोर, विकत घेणारा दुकानदार चोर, बाटलीत ताकद शोधणारं गिऱ्हाईक त्याहून मोठा चोर. हे मी आजही छापीन. पण पत्ता माझा होता.

काकांनी खड्डे हातानं बुजवले. मी माफी मागत रडत होते. "माती दाब. ऊन लागू नये तिले," एवढंच बोलले. पुढच्या मृगात त्यांनी सगळे टायर रिकामे करून आपले कंद त्या उतारावर लावले. पानं फुटली, आणि फुटल्यावर तेही कंद चोरीला गेले. पत्रकं अजून फिरतच होती. वाटलेला कागद परत गोळा करता येत नाही, हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर मी नवं पत्रक घेऊन गेले. पूर्वी प्रत्येक पत्रक ते मोठ्यानं वाचत, चुका काढत. या वेळी म्हणाले, "चष्मा नाई व जवळ." चष्मा नाकावरच होता.

त्या हिवाळ्यात काका गेले. मला कधीच एक वाकडा शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तीन पावसाळे झाले, मी त्या उतारावर जाते. गवत येतं, तरोटा माजतो, आमरी येत नाही. सभांमध्ये मुलं विचारतात, "ताई, ती टेकडी नेमकी कुठली?" आता तिथं चोरण्यासारखं काहीच उरलेलं नाही. तरी मी सांगत नाही.