वाटून आणि मिळून

अक्कांसमोर कुणी ‘शेअरिंग’ हा शब्द सैल वापरला, की बोलणाऱ्याला त्या तिथंच अडवत. “थांबा. असलेलं वाटून वापरून राह्यले, का मिळून नवं उभं करून राह्यले? दोन्ही येगळं हाये.” समोर बँकेचे साहेब असोत की त्यांच्या ऑफिसात फोन घेणारी मी, सवाल तोच.

अक्का बाजारहत्नूरकडच्या शेतकरी घरातल्या. हैदराबादेतली नोकरी सोडून परतल्या आणि त्यांनी आमच्या भागातलं पहिलं स्टार्टअप काढलं. कुणाचा फवारणीपंप, कुणाचं पेरणीयंत्र अंगणात रिकामं पडलेलं असेल, तर ते ॲपवरून दुसऱ्याला भाड्यानं मिळायचं. मराठी-तेलुगूतले फोन मी घ्यायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

ज्वारीच्या मळणीला मात्र ते अडलं. कणसं खळ्यावर, आभाळ भरून आलेलं, आणि गावातल्या एकुलत्या मळणीयंत्राच्या मालकानं यंत्र ॲपवरून काढून घेतलं. “माही ज्वारी भिजली तं तुमचं ॲप भरून देईन काय?” तो म्हणाला.

मी चिडले. अक्का चिडल्या नाहीत. “बरोबर हाये त्याचं. रिकामं असलं तं मानूस वाटते. सगळ्यायले एकाच दिवशी पायजे, तवा काय वाटन?”

त्या तडक त्याच्या खळ्यावर गेल्या. “तुमची ज्वारी आधी. हात आमचे सगळ्यायचे. मंग यंत्र पुढच्या खळ्यावर.” तो तयार झाला. अख्खं गाव एकेक खळं उरकत पुढं सरकलं. स्वतःच्या वडिलांचं खळं अक्कांनी शेवटी ठेवलं होतं. पावसानं नेमकं तेच गाठलं. वडील भिजल्या कणसांकडे पाहत राहिले. अक्का शेजारी ताडपत्री धरून उभ्या होत्या. असलं काळीज मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढच्या हंगामाआधी गावानं मिळून नवं मळणीयंत्र घेतलं. त्यासाठी अक्कांनी वेगळी कंपनी केली. प्रत्येक सभासद मालक, प्रत्येकाला एक मत, अक्कांनाही एकच. हैदराबादचे एक गुंतवणूकदार आले. म्हणाले, “दोनों कंपनियाँ एक कर दो, मालकी आपके पास रखो, पैसा मैं लगाता हूँ.” अक्कांनी त्यांना चहा पाजला आणि नकार दिला.

पहिल्या बैठकीत अध्यक्ष निवडायचा होता; अक्काही उभ्या होत्या. सभासदांनी सुमनबाईंना निवडलं. गावात भाजी पिकवणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. अक्का हरल्या. मला रडू आलं. “तुमी काऊन काही बोलल्या नाई?”

“अवं, आता ते मले नाई म्हनू शकतात,” अक्कांचे डोळे चमकत होते. “मालक झाले ते. दुसरं काय पायजे होतं मले?”

महिनाभरानं त्या असंच काही उभं करायला मुधोळला निघाल्या. बसस्टँडवर आम्ही सगळे होतो. कंपनीच्या ऑफिसची किल्ली सुमनबाईंच्या हाती देत त्यांनी विचारलं, “पुढच्या बैठकीले आली तं बोलू देसान ना?”

सुमनबाई लाजल्या. मग मान ताठ करून म्हणाल्या, “हात वर करा. पाळी आली का बोला.”

बस सुटली तरी अक्का खिडकीतून हसत होत्या.