लोपेझ घराण्याचा कुलवृत्तान्त

जगात अनोळखी माणूस नावाची गोष्टच नसते, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझ्याच घरी चौदा महिने राहून गेला. माझे मामेसासरे, म्हणजे नवऱ्याचे सख्खे मामा. सांगलीचे, ब्रह्मचारी, टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. कोरोनाच्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला ते आमच्याकडे आइंडहोवनला आले ते सहा आठवड्यांसाठी, ट्यूलिप बघायला. दहा दिवसांत विमानं बंद झाली, बागा बंद झाल्या, आमची ऑफिसं बंद झाली. उघडं राहिलं ते फक्त मामांचं तोंड. नंतर विमानं सुरू झाली तेव्हा सत्तरी उलटलेल्या माणसाने मास्क लावून तेरा तास बसायचं नाही असं नवऱ्याने फर्मान काढलं, व्हिसा वाढवून घेतला, आणि मामांनी आमच्या सोफ्याचा डावा कोपरा कायमचा ताब्यात घेतला.

मामांचा छंद म्हणजे आडनावं. त्यांनी त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तान्त एकहाती संपादित केलेला होता. आमच्याकडे असे ग्रंथ असतात. मूळ पुरुषापासून कालपरवा जन्मलेल्या बाळापर्यंत झाडून सगळ्यांची नोंद, कोण कुठे गेला, कुणाचा जावई झाला, कुणाला दत्तक दिला. त्यासाठी मामांनी तीनेक हजार छापील फॉर्म टपालाने पाठवले होते आणि ते भरून परत येईपर्यंत लोकांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या होत्या. ग्रंथ छापून झाला आणि मामा एकदम रिकामे झाले. त्या रिकामपणातच त्यांनी नेदरलँड्समध्ये पाऊल टाकलं, आणि इथे बघतात तर काय, प्रत्येक दारावर आडनावाची पाटी. मग काय विचारता! रोज सकाळी फिरायला म्हणून जायचे आणि गल्लीचा सर्व्हे करून यायचे. आठवड्याभरात त्यांनी मला समजावून सांगितलं की डच लोक वेगळे असे काही नाहीतच. व्हान म्हणजे आपलं कर. व्हान टिलबर्ग म्हणजे टिलबर्गकर, व्हान डेन बर्ग म्हणजे सरळसरळ डोंगरे, व्हिसर म्हणजे कोळी, स्मिट म्हणजे लोहार. सुपरमार्केटमध्ये काउंटरवरच्या मुलीच्या छातीवरची पाटी चष्मा वर करून वाचायला लागले तेव्हा मात्र मी त्यांना ओढत बाहेर काढलं. त्यांना काही वाटलं नाही. ती मुल्डर होती, म्हणजे पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घरातली, आणि चेहऱ्यावरूनच कळत होतं म्हणाले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या दाराला मात्र या वर्गवारीत न बसणारी पाटी होती. जे. लोपेझ. ऐंशीला टेकलेले एकटे आजोबा. तरुणपणी स्पेनमधून इथल्या बल्बच्या कारखान्यात कामाला आले, डच बाईशी लग्न केलं, ती गेली, मूलबाळ नाही. चार वर्षं आम्ही त्यांच्या डोक्यावर राहत होतो आणि त्यांच्याबद्दल मला जिन्यातल्या ‘हॉय’ला, म्हणजे डच नमस्काराला, उलट ‘हॉय’ म्हणतात, एवढीच माहिती होती. वरची सगळी माहिती मामांनी पहिल्या पंधरा मिनिटांत काढली. दीड मीटरचं अंतर ठेवून, टपाल खात्याच्या इंग्रजीत. आम्ही आडनाव ऐकलं की सोडतो, मामा तिथून सुरुवात करतात. “कुठले लोपेझ?” हा त्यांचा पहिला प्रश्न. आजोबांना साठ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नसावा, कारण ते आत जाऊन खुर्चीच घेऊन आले.

लोपेझ या नावाचं मूळ लांडग्यात आहे असं आजोबांनी सांगितलं मात्र, मामा जिने चढून धापा टाकत वर आले. लांडगे निघाले लांडगे, म्हणत त्यांनी मिरजेला त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या लांडग्यांना व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावला आणि तुमचे भाऊबंद सापडले म्हणून कळवलं. मिरजेचे लांडगे झोपेतून उठलेले होते. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. पण मामांनी त्याच दिवशी आमच्या प्रिंटरवर पन्नास फॉर्म छापले आणि लोपेझ घराण्याच्या कुलवृत्तान्ताचं काम सुरू झालं. आजोबा त्यांच्या तोंडी लोपेझराव झाले. फॉर्म तोच, सांगलीचा, फक्त इंग्रजीत केलेला. मूळ गाव, गॅलिसियातलं एक खेडं, बेचाळीस उंबरे. कुलदैवत, गावच्या देवळातली मेरी, तिची जत्रा ऑगस्टात. मामांनी जत्रेला नारळ असतो का तेवढं विचारून घेतलं. पुढचा रकाना गोत्राचा. गोत्र म्हणजे काय हे ऐकल्यावर लोपेझराव विचारात पडले आणि आपल्याला बहुधा ते नाही असं म्हणाले. मामांना हे सहन होणारं नव्हतं. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, अशी आपल्याकडे सोय आहेच. त्यांनी तिथल्या तिथे काश्यप लिहून टाकलं आणि कॅथलिक लोपेझरावांनी खाली सही केली.

एकदा नाद लागला की मामांना आवर घालणं ब्रह्मदेवाच्या बापाला जमलं नसतं. माझा टॅब त्यांनी बळकावला. आफ्रिकेत गाबोन देशाच्या किनाऱ्यावर लोपेझ नावाचं भूशिर आहे, अमेरिकेच्या वायव्य टोकाला लोपेझ बेट आहे, फिलिपाइन्समध्ये अख्खं गाव लोपेझ, हे मला जेवताना कळायला लागलं. माणूस कुठेही जाईना का, याचे चुलते तिथे आधी पोचलेले, असं ते वरण ओढता ओढता कौतुकाने म्हणायचे. जणू बेट लोपेझरावांच्या सातबाऱ्यावर होतं. एकदा ऑलिव्हच्या डब्यावर बारीक अक्षरांत लोपेझ हे नाव निघालं, तर तो डबा मला फेकू दिला नाही. त्यात कोथिंबीर लावली. आणि माझ्या टीममध्ये एक मेक्सिकोची लोपेझबाई आहे हे कळलं तेव्हा तर कहर झाला. मी व्हिडिओ मीटिंगमध्ये, समोर तीन मॅनेजर, माझं प्रेझेंटेशन चाललेलं, आणि मागून बनियनवर शाल पांघरलेले मामा प्रकट झाले. सूनबाई, तिला विचार, कुठल्या. मी स्वतःला म्यूट करायला गेले आणि घाईत प्रेझेंटेशनच बंद केलं. त्या दिवशी मी मामांशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. आणि दुसऱ्या दिवशी लोपेझबाईंचा मला मेसेज. तिने रात्री आईला फोन करून विचारलं होतं आणि पणजीचं गाव कळवलं होतं, तुझ्या त्या अंकलना सांग म्हणून. आता यावर माणसाने रागवायचं तरी किती?

लोपेझरावांच्या फॉर्ममध्ये एकच जागा कोरी राहिली. भावंडांच्या रकान्यात त्यांनी एक धाकटा भाऊ लिहिला होता, नाव, जन्मसाल सगळं, पण त्याच्यापुढच्या ‘हयात की मयत’ या चौकोनात काहीच नव्हतं. मामांनी विचारलं तर आजोबा खिडकीबाहेर बघायला लागले. मग हळूहळू निघालं. वडील गेल्यावर गावी जमिनीची वाटणी झाली, बांधावर चेस्टनटची दोन झाडं होती, ती कुणाची यावरून दोघा भावांचं वाजलं. त्याला तेवीस वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही. मामांचा चेहरा बांधाचं नाव ऐकल्यावर उजळला होता, भाऊबंदकी आहे म्हणजे घराणं अस्सल, असं ते माझ्या कानाशी पुटपुटलेही. पण पुढचं ऐकून त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्या वसंतात स्पेनहून रोज काय बातम्या येत होत्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबा रोज टीव्ही लावायचे आणि आकडा सांगायला लागले की बंद करायचे. भाऊ शहात्तर वर्षांचा, दम्याचा आजार. असेल की नसेल, त्यांना माहीत नव्हतं. विचारायला फोन करावा तर तेवीस वर्षांनी पहिला फोन हा, आणि उचलला कुणी दुसऱ्याने तर?

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. कोरा चौकोन ठेवून कुलवृत्तान्त छापता येत नाही, एवढंच म्हणाले, पण ते काही छपाईबद्दल बोलत नव्हते हे मला सुद्धा कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लोपेझरावांना न विचारता एक कोरा फॉर्म काढला. माझ्या लोपेझबाईंकडून तो स्पॅनिशमध्ये करून घेतला. ती बिचारी गोत्रापाशी अडली, तिला मी ते काश्यप तसंच राहू दे म्हणून सांगितलं. वरती एक पत्र, की लोपेझ घराण्याची माहिती गोळा करत आहोत, आपल्या शाखेची माहिती भरून पाठवावी. लोपेझरावांचा उल्लेख नाही. पाकिटावर गावचं नाव आणि भावाचं नाव, बाकी पत्ता नाही, कोपऱ्यात ‘पोस्टमास्तरांच्या माहितीसाठी’ असं इंग्रजीत. जगातला कुठलाही पोस्टमास्तर दुसऱ्या पोस्टमास्तरचं पत्र टाकून देत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती. आत परत पाठवायचं पाकीट, त्यावर आमचा पत्ता आणि तिकीट. पत्र पेटीत पडलं आणि परतताना मामा रस्त्यातच मटकन बाकावर बसले. परतीच्या पाकिटावर त्यांनी डच तिकीट लावलं होतं. स्पेनमध्ये ते चालणार नाही, हे शिकाऊ कारकुनाला सुद्धा कळतं. छत्तीस वर्षं खात्यात काढून मी ही चूक करावी, म्हणत त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

मग वाट बघणं सुरू झालं. इथे सोमवारी टपाल येत नाही, यावरून मामांनी सबंध डच राष्ट्राला नालायक ठरवलं. पोस्टमन आला की ते जिन्यात हजर. त्याला त्यांनी स्वतःची नोकरी सांगितली होती, त्यामुळे तो बिचारा आधीच लांबून मान हलवायचा. रोज दुपारी खाली लोपेझरावांसमोर बसून मामा बेटांबद्दल आणि भूशिरांबद्दल बोलत राहायचे, पण पत्राबद्दल अवाक्षर नाही. मला म्हणाले, वाईट आलं तर ते मी सांगेन, टपालाने नको.

सहा आठवड्यांनी पाकीट आलं. मामांनी लावलेल्या डच तिकिटावर कुणीतरी नेमकं बसेल असं स्पॅनिश तिकीट चिकटवलं होतं. मामांनी ते उघडायला माझ्याकडे दिलं. फॉर्म भरलेला होता, थरथरत्या, मोठ्या अक्षरांत. मूळ गाव, देवळातली मेरी, काश्यप या शब्दाखाली एक प्रश्नचिन्ह. भावंडांच्या रकान्यात एकच नाव. थोरला भाऊ, हॉलंडला असतो. आणि त्यापुढे हयात की मयत, हा चौकोन कोरा. म्हणजे तिथेही एक म्हातारा त्याच चौकोनापाशी येऊन थांबला होता. मला रडू आवरेना. मामांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला, खिशाला पेन लावलं आणि जिना उतरले. मी वरच्या पायरीवरून बघत होते. त्यांनी फॉर्म लोपेझरावांच्या मांडीवर ठेवला, कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं, पेन पुढे केलं आणि दीड मीटर मागे सरकून उभे राहिले. लोपेझरावांनी अक्षर ओळखलं. बराच वेळ ते कागदावर हात फिरवत राहिले. मग त्यांनी चौकोन भरला, आणि फॉर्मच्या तळाशी असलेला फोन नंबर चष्मा काढून, परत लावून, वाचला.

मामा पुढच्या मेमध्ये सांगलीला परतले. लोपेझ कुलवृत्तान्त बत्तीस पानांचा झाला, तिथल्याच एका छापखान्यातून त्यांनी तो काढला, मराठीत, जगातल्या एकाही लोपेझला वाचता येणार नाही असा. आमच्या सोफ्याचा डावा कोपरा आता मोकळा आहे आणि मीटिंगमध्ये मागून कुणी येत नाही. खरं सांगते, हा मोकळा कोपरा माझ्या अंगावर येतो. मग मला पाकीट आल्यानंतरची तिसरी दुपार आठवते. मी पोळ्या करत होते. खालून एकाएकी आरडाओरडा ऐकू आला, स्पॅनिशमध्ये, टेबलावर हात आपटत. लोपेझराव फोनवर भांडत होते, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे पलीकडचा म्हातारा सुद्धा तितकाच ओरडताना ऐकू येत होता, मधेमधे खोकत. पुन्हा तीच झाडं असणार. मामा खिडकी उघडून, डोळे मिटून ऐकत उभे होते.

मी म्हटलं, “मामा, काही कळतंय का तरी?”

“कळतंय की,” मामा म्हणाले. “दोघंही हयात आहेत.”

मी गॅस बंद केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.